डोमेन कोणाच्या नावावर आहे?

रत्नागिरी-देवगड पट्ट्यात थेट ग्राहकाला आंबा विकणारे बागायतदार, कोकम-आगळ करणाऱ्या बायका, होम-स्टेवाले अशांची ईमेल आणि वेबसाइटची कामं मी करते. नवीन माणूस आला की विचारतो, "साइट केवढ्याला पडेल?" मी उलट विचारते, "डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे?" बहुतेकदा उत्तर येतं, "तो एक मुलगा होता ना, त्याने काढून दिलं."

पुढचं सगळं इथेच अडतं. जमीन घेतली की सातबाऱ्यावर नाव चढलं का, यासाठी आपण तलाठ्याकडे खेपा घालतो. डोमेनचं तेवढंही कोणी बघत नाही. खातं त्या मुलाचं, मोबाइल त्याचा, नूतनीकरणाची सूचनाही त्याच्याच इनबॉक्सात. तो नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, मग ओटीपी येणार कुठे? मुदत नेमकी ऐन हंगामात संपली तर साइटबरोबर त्या नावावरचे ईमेलही बंद. वेळेत लक्षात आलं तर ठीक, नाहीतर डॉट कॉम सोडवून घ्यायला नेहमीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. म्हणून खातं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नंबरवर उघडा, डिझायनरला कामापुरता प्रवेश द्या. भाव पहिल्या वर्षाचा बघू नका, दुसऱ्या वर्षापासूनचा बघा. डॉट कॉमच्या जागी देवनागरीतलं डॉट भारत असलेलं नाव २०१४ पासून मिळतं, दिसतंही छान, पण तसा ईमेल पत्ता अनेक ठिकाणी अजून स्वीकारलाच जात नाही. हौस असेल तर जोडीला घ्या.

"गूगलवर फुकट होतं की सगळं, मग साइट कशाला?" हा पुढचा प्रश्न. गूगल बिझनेस प्रोफाइल काढाच. नकाशावर नाव, वेळा, फोन, फोटो हे होम-स्टेला तर हवंच. पण त्याच प्रोफाइलवरून जी एकपानी साइट फुकट बनायची, ती सोय गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांनी तो पत्ता कार्डावर आणि पेटीवर छापला होता, त्यांची छपाई वाया गेली. दुसऱ्याच्या जागेत दुकान जरूर मांडा, पण पाटीवर पत्ता आपला लिहा.

आता साइटवर काय लिहायचं? 'आमची परंपरा', 'आमचे ध्येय' ही पानं मला तरी कोणी वाचताना दिसलेलं नाही. आंबा घेणारा तीन गोष्टी विचारतो: हापूस खरा कोकणातलाच का, पिकवता कसा, आणि साका, म्हणजे आतला गर खराब, निघाला तर काय? कापल्याशिवाय साका कळत नाही हे त्यालाही माहीत असतं. त्याला तुमचा शब्द हवा असतो. 'साका निघालेल्या फळाचा फोटो दोन दिवसांत पाठवा, तेवढी फळं पुढच्या खेपेला देऊ' असं काहीतरी, पण नक्की आणि पाळता येईल असं लिहा. अढीत, म्हणजे गवतात रचून, कसा पिकवता त्याचे फोटो टाका. फळ झटपट पिकवायच्या कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे, तरी लोकांच्या मनातून ती शंका जात नाही. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं आहे. त्या मानांकनाचे अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी असेल तर तो क्रमांक पहिल्याच पानावर द्या. पेटी किती डझनी, फळ साधारण किती ग्रॅमचं, कोणत्या शहरांत पोचवता, तेही.

मजकुराची आणखी एक गोम. पत्रकाचा मजकूर डीटीपीवाल्याकडून आणून साइटवर चिकटवला की बहुधा अगम्य चिन्हं उमटतात, कारण तो जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं) नसलेल्या फाँटमध्ये असतो. मग काहीजण त्याचं चित्र करून टाकतात. चित्रातला मजकूर शोधात नीट सापडत नाही आणि मोबाइलवर वाचता येत नाही. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या.

ईमेल कशाला, व्हॉट्सअॅप आहे की! आहे, आणि रोजच्या ऑर्डरी तिथेच येतात. पण एकच निरोप एकदम अनेकांना धाडायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. पेटीत एक चिठ्ठी टाका: नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिल्या तोडणीला कळवू. अक्षय तृतीयेला पन्नास पेट्या वाटणारी कंपनी मात्र दरपत्रक आणि बिल ईमेलवरच मागते. अमेरिकेतून पुण्यातल्या आईबाबांना पेटी पाठवणारा मुलगा आपल्या मध्यरात्री जागा असतो. त्याला फोन करायचा नसतो, साइटवर पैसे भरून मोकळं व्हायचं असतं.

ईमेल डोमेनच्या नावाने घेतलात की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनच्या सेटिंगमध्ये लावून मागा. पत्र खरंच तुमच्याकडून आलं, हे समोरच्या सर्व्हरला त्यावरून कळतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० च्या वर पत्रं पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या केल्या. आपण एवढी पाठवत नाही, पण पहिल्या दोनपैकी एक तरी सगळ्यांनाच लागते. साध्या जीमेलवरून सगळ्यांना बीसीसीत (एकमेकांना पत्ते न दिसणाऱ्या रकान्यात) कोंबून पाठवू नका, दिवसाला ५०० ची मर्यादा आहे. विषयात 'नमस्कार' नको. 'पाच डझनी पेटी, पहिली तोडणी, शनिवारी पुण्यात' असं लिहा, म्हणजे उघडायच्या आधीच अर्धं काम होतं. आणि ज्याने विचारणा केली, परवानगी दिली, त्यालाच पाठवा. विकत मिळणाऱ्या याद्यांना हातही लावू नका. त्यावरचे लोक पत्र स्पॅममध्ये टाकतात आणि मग तुमची खरी पत्रंही तिकडेच जायला लागतात. ग्राहकांची यादी फोनमध्ये ठेवून भागत नाही, शीटमध्ये उतरवा: नाव, शहर, पिनकोड, कोणतं फळ घेतलं.

जाहिरातीवर थोडकंच सांगते. गाडी जिथे जाते तेवढेच पिनकोड निवडा, आणि जाहिरात बंद होण्याची तारीख सुरू करतानाच टाका. तोडणी संपल्यावर आलेल्या चौकशीला नाहीच म्हणावं लागतं, तिचे पैसे मात्र कापले गेलेले असतात. तरी चौकशी करणाऱ्याला विचारून यादीत घ्या, पुढच्या मार्चमध्ये पहिलं पत्र त्यालाच जाऊ दे.