क्रॉस-कल्चर ट्रेनर बोलावताय? आधी त्याचं बॅकग्राउंड नीट तपासा

भोसरीत आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे, निम्मा माल जर्मनीला जातो आणि एक जपानी कस्टमर आहे, आणि मागे एकदा असा, म्हणजे परदेशी कस्टमरशी कसं बोलायचं-वागायचं ते शिकवणारा, कन्सल्टंट बोलावून हात पोळून घेतलेत म्हणून हे लिहितोय. दोन दिवस हॉटेलात ट्रेनिंग, जेवण झकास, आणि शिकलो काय तर जपानी माणसाला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं. अहो, प्रसाद घेताना दोन्ही हात पुढे करायला आईनंच शिकवलंय आम्हाला.

तर प्रोफाइल हातात आलं की "अमुक इतक्या देशांचा अनुभव" ही ओळ सोडून द्या. थेट विचारा, टेबलाच्या कुठल्या बाजूला बसायचात? पर्चेसमधून आलेला माणूस मिळाला तर सोडू नका, समोरचा आपलं कोटेशन कसं फाडतो ते त्याने आतून बघितलेलं असतं. दुभाषा असेल तरी चालेल, जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन-५ सगळ्यात सोपी आणि एन-१ सगळ्यात अवघड, तेवढं सर्टिफिकेटवर बघून घ्या, पण मीटिंगा किती केल्या हे विचाराच.

मग माझी आवडती टेस्ट. विचारा, जपानी साहेब "केन्तो शिमासु" म्हणाला तर काय समजायचं? शब्दशः अर्थ "विचार करतो", पण बऱ्याचदा तो सरळ नकार असतो. आपण नाही का नको असलेल्या स्थळाला "बघतो, कळवतो" म्हणत, तसंच. जर्मनांचं नेमकं उलटं. आपण "हो हो, शुक्रवारपर्यंत होऊन जाईल" म्हणतो तेव्हा आपल्या मनात फक्त "ऐकलं बरं का" एवढंच असतं, तो मात्र डायरीत शुक्रवार लिहितो आणि सोमवारी सकाळी मेल येऊन पडतो, सीसीमध्ये चार जण. हा फरक जो आपल्याच बोलण्यातून उलगडून दाखवेल तो कामाचा.

'नेमावाशी' पण विचारा. मूळ अर्थ झाड हलवायच्या आधी मुळं मोकळी करणं, म्हणजे मीटिंगच्या आधीच एकेकाला गाठून मत जुळवून घेणं. त्याने स्वतः कुणाला, कसं गाठलं ते सांगता आलं नाही तर वाचून आलाय समजा.

देशादेशांच्या संस्कृतींची तुलना करणाऱ्या हॉफस्टेड या संशोधकाचे आकडे सगळेच दाखवतात, पॉवर डिस्टन्स (साहेब आणि हाताखालचा यांच्यातलं अंतर लोक किती मान्य करतात) भारत ७७, जर्मनी ३५ वगैरे. वाईट नाहीत, पण मूळ सर्व्हे आयबीएमच्या कर्मचाऱ्यांचा, १९६७ ते १९७३ मधला, आणि ते अख्ख्या देशाचे सरासरी आकडे, समोर बसलेल्या एका माणसाचे नाहीत. हे तो न विचारता सांगतो का बघा.

निगोशिएशनसाठी मात्र आपलंच जुनं कोटेशन द्या (कस्टमरचं नाव खोडून) आणि म्हणा, तुम्ही कस्टमर व्हा, तीन टक्के कमी मागा. आमच्याकडे दुसऱ्या ट्रेनरने हे केलं, रेट ऐकला आणि नुसता गप्प बसला. दहा सेकंद, पंधरा सेकंद. आमच्या सेल्सवाल्याला ती शांतता सहन होईना, त्याने आपणहून दोन टक्के सोडून दिले, समोरच्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं! नंतर त्याला विचारलं, सौदा फिसकटला तर तुझ्याकडे दुसरं काय आहे? उत्तर नव्हतं. आधी त्याच्याकडून ते उत्तर कागदावर लिहून घेतलं, मग परत बसवलं.

रेफरन्स घेताना एमडी किंवा एचआरला फोन करू नका, ते छानच सांगणार. ट्रेनिंगला प्रत्यक्ष बसलेल्या इंजिनियरचा नंबर मागा आणि विचारा, त्यानंतर मेल लिहिताना नक्की काय बदललं?

पैशाचं म्हणाल तर निम्मी फी आधी, निम्मी पुढच्या खऱ्या कस्टमर कॉलला तो आपल्यासोबत बसल्यावर, आणि हे वर्क ऑर्डरमध्येच टाका.