फ्रीज टपरीचा, वीज गुल मात्र बोटींच्या धक्क्याची : माझा अनुभव

हिडकल धरणाच्या काठावर आमचा बोटींचा छोटा धक्का. एकाच थ्री-फेज मीटरवर बॅटरी चार्जर, पाण्याची मोटर, दिवे आणि चहाची टपरी. टपरीवरचा फ्रीज सुरू झाला की धक्क्याचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणारा आणि परतणारा करंट जुळला नाही की वीज तोडणारा स्विच) पडायचा. फ्रीज त्या सर्किटवर नव्हताच!

आरसीसीबी बदलला, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरला, फ्रीजही तपासून आणला. ऐन रविवारी अंधार, वर गिऱ्हाइकांची बोलणी.

शेवटी वायरमनमामांना घेऊन बसलो. आधी मेन बंद, टेस्टरने खात्री. सगळे प्लग काढले, एमसीबी (प्रत्येक सर्किटचे छोटे स्विच) पाडले. मग न्यूट्रल बारवरच्या, म्हणजे जोडपट्टीवरच्या, सगळ्या न्यूट्रल (करंट परत नेणाऱ्या वायरी) सोडवल्या आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन वायरी जोडलेल्या असतील तर बीप) ठेवून दोन-दोन तपासल्या. धक्का आणि टपरीच्या जोडीवर बीप आला.

वायर वाचवायला कुणीतरी जंक्शन बॉक्समध्ये दोन्ही न्यूट्रल एकत्र पिळल्या होत्या. फ्रीजचा थोडा करंट धक्क्याच्या आरसीसीबीतून परतायचा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांचा हिशेब जुळेना, म्हणून तो पडायचा. जोड तोडला, टपरीला स्वतंत्र न्यूट्रल ओढली, पुन्हा बीप तपासला : शांत. सप्लाय देऊन टेस्ट बटण दाबलं, आरसीसीबी पडला. तो पुन्हा वर करून फ्रीज लावला, आरसीसीबी जागचा हलला नाही.