गडावरच्या, कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यातला गाळ काढायला जाण्याआधी

पाणी, टोपी, जेवण, प्रथमोपचाराची पेटी हे सांगायला नको. परवानगी मात्र लेखीच घ्या. शिवनेरीसारखा केंद्राच्या संरक्षणातला गड असेल तर प्राचीन स्मारकांचा १९५८चा केंद्राचा कायदा लागू, राज्याच्या संरक्षणातला असेल तर १९६०चा राज्याचा. वनखात्याची हद्द असेल तर त्यांचंही पत्र लागतं. तोंडी ‘करा हो’वर कुदळ मारायची नाही.

आता खरी गोष्ट. गाळ कुठे टाकायचा, ती जागा आधी ठरवा. मागच्या उन्हाळ्यात जुन्नरकडच्या एका गडावर आम्ही दोन दिवस राबून टाकं तळापर्यंत मोकळं केलं आणि गाळ काठावरच, वरच्या अंगाला रचला. जुलैत जाऊन बघतो तर पाणी गढूळ आणि तळाशी घोटाभर चिखल पुन्हा बसलेला. म्हणून जागा टाक्याच्या खालच्या अंगाला हवी, पाणी आत येतं त्या बाजूपासून लांब. कड्यावरून लोटायचा नाही; खाली पायवाट असते, शेतं असतात. चार बाय पाच मीटरच्या टाक्यात मीटरभर ओला गाळ म्हणजे तीस टनांच्या वर वजन. एवढा ढीग मागाहून कोण हलवणार? आदल्या आठवड्यात जाऊन जागा फक्की मारून आखा.

गाळ चाळूनच टाका. आमच्या चाळणीत बोटभर खापर आलं होतं, ओल्या मातीवर कुणीतरी नखाने ओढलेल्या तीन रेघा त्यावर स्वच्छ दिसत होत्या. असं काही मिळालं की नोंद करून पुरातत्त्व विभागाकडे द्यायचं, घरी न्यायचं नाही.

शिवनेरीच्या गंगा-जमुनासारखं खांबटाकं, म्हणजे आत खांब ठेवून कातळाच्या पोटात खोदलेलं टाकं, असेल तर सांभाळा. सडका गाळ ढवळला की विषारी वायू सुटतो. एकट्याने उतरू नका, डिझेलचा पंप आत नेऊ नका. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला हवाच. आत कुणी कोसळलं तर मागोमाग उडी टाकायची नाही, दोराने ओढायचं.

भिंतींवर छिन्नीचे घाव दिसतील. टाकं ही गडाची दगडखाणच; इथला दगड काढून बांधकामाला वापरला. तिथे तारेचा ब्रश नको, सिमेंट तर नकोच. उंबराची मुळं उपटू नका, कापा.

घमेली अर्धीच भरा. मोहोळ असेल तर धूर, अत्तर बंद. हत्यारं मोजून परत, कचरा खाली. आणि गाळाची जागा अजून आखली नसेल तर तारीख पुढे ढकला.