ठाण्याची गाडी मनालीच्या थंडीत नेताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की ठाण्यातून गाड्या मनालीकडे निघतात. तयारी म्हणजे सर्व्हिसिंग, रूफ कॅरिअर आणि फास्टॅगमध्ये पैसे. शून्याखाली गाडीचं काय होतं, हे इथल्या मेकॅनिकलाही सहसा बघायला मिळत नाही.

सगळ्यात घातक सवय म्हणजे कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, नळाचं पाणी. बाटलीतली पातळी उतरली की गॅरेजवाला बिनदिक्कत पाणी ओततो आणि इथल्या उकाड्यात ते वर्षानुवर्षं खपून जातं. पण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. माझ्या दाजींच्या गाडीत निघायच्या आदल्या दिवशी असंच पाणी भरलं गेलं. मनालीत गाडी रात्रभर उघड्यावर होती. सकाळी बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा वरचा पाइप दाबला तरी दबेना. "दाजी, थांबा, उन्हं येऊ देत," असं मी म्हणेपर्यंत त्यांनी चावी फिरवली होती. आधी बेल्ट किंचाळला. मग हीटरमधून गार वारा आणि टेम्परेचरचा काटा मात्र लालमध्ये, कारण कूलंट फिरतच नव्हतं. दुपारी बर्फ वितळला आणि रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून फिकट हिरवी धार लागली. नवा रेडिएटर येईपर्यंत सगळी सुट्टी हॉटेलात गेली.

मी निघायच्या पंधरा दिवस आधी जुनं कूलंट पूर्ण काढतो. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं घेतलं की उणे 35 अंशांपर्यंत घोर नाही. प्रीमिक्स, म्हणजे आधीच पाणी मिसळलेला कॅन असेल तर त्यात थेंबभरही पाणी नको. हीटर फुल ठेवून, इंजिन तापवून कूलंटमध्ये अडकलेली हवा काढायची आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी बघायची. रंगावर विसंबू नका, पातळ केलेलं कूलंटही हिरवंच दिसतं, हायड्रोमीटरनं, म्हणजे मिश्रण किती दाट आहे ते मोजणाऱ्या नळीनं, तपासा. आणि हे आदल्या रात्री उरकायचं काम नव्हे. क्लॅम्प गळतोय का, हे कळायला गाडी चार दिवस घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तापायला हवी.

डिझेलवाल्यांनी पंजाबात टाकी काठोकाठ भरून वर जाऊ नये. कडक थंडीत डिझेलमधलं मेण साकळतं आणि फिल्टर चोंदतो. लडाखसाठी उणे 33 अंशांतही वाहणारं डिझेल इंडियन ऑइलनं 2019 मध्ये आणलं, ते याचसाठी. डोंगरातल्या पंपावर भरा. रॉकेल मिसळायचा सल्ला कुणी दिला तर तिथून उठा. आजच्या इंजेक्टरना ते मानवत नाही.

टायरची हवा दर 5-6 अंशांना साधारण 1 पीएसआय उतरते. ठाण्यात 33 भरली असेल तर मनालीत पहाटे 27-28 दिसेल. तिथे गार टायरवर मोजून भरा. ग्रिपसाठी हवा कमी करणं हे रील बघून आलेलं शहाणपण आहे, घाटात ते नकोच.

बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर बदलूनच निघा. वॉशरच्या टाकीत साधं पाणी ठेवू नका. रात्री हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. काचेवर गरम पाणी अजिबात नको, ती तडकते.

राहिल्या बर्फात घसरू नये म्हणून चाकांना बांधायच्या चेन. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला त्या पुढच्याच चाकांना लागतात, तरी मागे बांधणारे दरवर्षी दिसतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून लावून-काढून बघा. मनालीजवळच्या सोलंगच्या वाटेवर चेनची पिशवी पहिल्यांदा उघडणाऱ्यांमागे अख्खी रांग खोळंबते. चेनवर ताशी 40 च्या पुढे जाऊ नका आणि कोरडं डांबर लागलं की लगेच उतरवा.