वणव्यानंतर टेकडीवर जाताना रोपं नको, चिंध्या घ्या

मार्च लागला की एखाद्या संध्याकाळी मशीनवर बसल्याबसल्या मला खिडकीतून समोरच्या टेकडीवर लाल रेघ दिसते. लांबून जरीच्या काठासारखी वाटते, हळूहळू वर सरकत जाते. दुसऱ्या दिवशी दोरीवरच्या कपड्यांवर जळक्या कुसळांची काजळी पडलेली असते आणि टेकडी निम्मी काळी झालेली असते.

मी तळेगाव दाभाड्याला राहते. ब्लाऊज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश, हा माझा धंदा. वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही, पण गेली बावीस वर्षं पहाटे याच टेकडीवर जाते. टेकडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वरून इंद्रायणी आणि भंडारा डोंगर दिसतो, एवढं पुरे. आग लागली की दर वर्षी कोणीतरी दुकानात येऊन विचारतं, "ताई, आता आपण तिथं काय लावायचं?" माझं उत्तर त्यांना आवडत नाही. एक पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा काही लावायचं नाही. नुसतं जायचं आणि बघायचं. कसं बघायचं, ते मात्र नीट सांगते.

आधी माझी चूक. २०१८ साली आम्ही गल्लीतल्या लोकांनी जळालेल्या उतारावर वड-पिंपळ लावायचं ठरवलं. मेच्या शेवटी दीड फूट बाय दीड फुटाचे साठ खड्डे घेतले. कुदळीबरोबर मातीतून पांढरी, बोटाएवढी मुळं वर येत होती. आम्ही ती तण समजून बाजूला फेकत होतो. तिथं शेळ्या घेऊन येणाऱ्या मावशी थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, ह्ये काय उकरताय? फोडशी हाय ती. पाऊस पडल्यावर दगडं खायची व्हय आमी?" साठ रोपांतली पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सहा जगली, ती त्या वर्षीच्या वणव्यात गेली. त्या पट्ट्यात फोडशीची रानभाजी अजून पहिल्यासारखी येत नाही. आग ज्याला काही करू शकली नव्हती, ते आम्ही कुदळीने संपवलं.

जायचं कधी, न्यायचं काय

आग विझल्यावर तीन-चार दिवस जाऊ नका. जुने बुंधे आतून धुमसत राहतात आणि आधार गेलेले दगड उतारावरून सुटतात. नंतर जा, पण पायवाट सोडू नका. मोकळी झालेली माती तुमच्या पायानेच खाली घसरते. बूट जुने घाला, राखेचा रंग चिवट असतो.

पिशवीत एवढंच घ्या: वही, पेन्सिल, पाणी, मापाची टेप, सुतळी, चार खुंट्या आणि सुती कापडाच्या चिंध्या. माझ्याकडे अस्तराच्या कातरणाला तोटा नाही. तुमच्याकडे जुनं धोतर किंवा बनियन असेलच. नायलॉन, पॉलिस्टर नको. हरवली तर वर्षानुवर्षं तशीच पडून राहते.

पहिल्या फेरीत राख बघा. इस्त्रीच्या बाबतीत काळा डाग वाईट. राखेचं उलटं आहे. काळी राख म्हणजे आग गवतावरून पटकन निघून गेली, वरचं जळलं, खालची माती फारशी तापली नाही. पांढरी राख म्हणजे तिथं आग रेंगाळली: वाळकं लाकूड, पाल्याचा ढीग किंवा घाणेरीचं जाळं जळलं. पांढऱ्या राखेच्या जागा वहीत लिहून ठेवा. हिरवं तिथं सगळ्यात उशिरा येतं.

तीन रंगांच्या चिंध्या

लाल चिंधी बांधायची मेलंय असं वाटणाऱ्या झाडाला. ज्याला फुटवा दिसला त्याला हिरवी. जे ओळखता येत नाही त्याला पिवळी. पहिल्या वर्षी माझ्या लाल चिंध्या पुरल्या नाहीत. जूनअखेर त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना हिरवी बांधावी लागली.

झाड जिवंत आहे का, हे कळायला बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवट ओल दिसली तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडी असेल तर थोडी खाली येऊन परत बघा. बुंध्यावर मात्र नख किंवा सुरी लावू नका, त्याला आधीच पुरेसं लागलेलं असतं. बुंध्याशी वाकून जमिनीलगत बघा. धायटीच्या झुडपाची वरची काटकी कोळसा झालेली असते आणि बुडातून तांबूस कोंब निघालेले असतात. पळस, ऐन, कुंभा यांची साल जाड, भेगाळलेली. बाहेरून काळी होते, आतलं वाचतं. कुंभ्याच्या सालीचं मला नवल वाटतं. तिच्या तंतूंचा तोडा, म्हणजे धुमसणारी वात, करून पूर्वी तोड्याच्या बंदुकांना बत्ती देत, म्हणजे साल धुमसते पण भडकत नाही. त्याच सालीच्या आत झाड शाबूत राहतं.

मावशींकडून एक गोष्ट शिकले. झाडाची कोणती बाजू काळी आहे ते त्या आधी बघतात. उताराच्या वरच्या अंगाला बुंध्याशी पाला साठतो, म्हणून बहुतेकदा तीच बाजू जास्त भाजते. खालची बाजू बरी असेल तर त्या म्हणतात, "ह्यो उठंल." त्यांचा अंदाज माझ्या नखापेक्षा बरा आहे. तुमच्या टेकडीवर गुरं-शेळ्या घेऊन कोण येतं ते शोधा आणि त्यांच्याबरोबर दोन तास चाला. तिथं जाळलं कोणी, असं पहिल्याच भेटीत विचारू नका. मी विचारलं होतं. पुढचे दोन महिने मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत.

एक वार लांब, एक वार रुंद

सगळी टेकडी बघायला गेलात तर काहीच दिसणार नाही. ३६ इंच बाय ३६ इंच, म्हणजे वारभर चौकोन टेपने मोजा, चार कोपऱ्यांना खुंट्या, भोवती सुतळी. असे तीन करा: एक काळ्या राखेत, एक पांढऱ्या राखेत, एक न जळलेल्या भागात. दर रविवारी त्याच दगडावर उभं राहून त्याच वेळी फोटो काढायचा. वहीत लिहायचं: किती कोंब, किती उंच, कोणाचं पान कसं. नावं नंतर कळतील.

माझ्या काळ्या चौकोनात एका वर्षी अठराव्या दिवशी पहिलं गवत वर आलं. पावसाचा थेंब नसताना. थोंब जळला होता, पण मुळाशी जीव होता. तुमच्याकडे हवा-मातीप्रमाणे दिवस बदलतील, पण वळवाची वाट न बघता काहीतरी उगवतं, हे बघायला मिळेल.

कुसळी गवताचं बी तर आवर्जून बघा. शिवणकाम करणाऱ्या बाईला ते आवडायलाच हवं. टोकाला सुई, मागे पीळ दिलेला लांब दोरा. एखादं जुनं कुसळ तळहातावर घ्या आणि त्यावर ओलं बोट टेकवा. दोरा पीळ सोडत फिरायला लागतो आणि सुई कातडीत रुतू पाहते. मातीतही तसंच होतं. दवाने भिजलं, उन्हाने वाळलं, की प्रत्येक वेळी बी थोडं खाली जातं. वणवा येईपर्यंत बऱ्याच बिया जमिनीत शिरून बसलेल्या असतात.

मेअखेरपासून रोज गेलात तरी कमीच. शेवळाचा जांभळट कोंब पावसाच्या तोंडाशी वर येतो. पहिल्या दोन-तीन सरींनंतर काळी मुसळी, जमिनीला टेकलेलं पिवळं चांदणीसारखं फूल. मग फोडशी, मग रानहळद. ही सगळी कंद-मुळांच्या जिवावर जगणारी मंडळी, आग वरून गेली तेव्हा खाली झोपलेली होती. भाद्रपदात कळलावी फुलते. तिला अग्निशिखा म्हणतात, कोकणात गौरीचे हात. तिचा कंद विषारी असतो, मुलं बरोबर असतील तर हात लावू देऊ नका. तेरडा मात्र दर वर्षी बियांपासूनच येतो. त्यामुळे जळालेल्या भागात तो किती आला, ते वेगळं मोजा.

आमच्या तळेगावची एक वनस्पती

२०२४ साली आमच्या इथल्याच गवताळ उतारावरची एक वनस्पती विज्ञानाला नवी म्हणून प्रसिद्ध झाली, डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. तळेगावचे आदित्य धारप आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे डॉ. मंदार दातार यांचं हे काम. लंडनच्या क्यू उद्यानातले तज्ज्ञही त्यात होते. ही वनस्पती दोनदा फुलते. एकदा पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. आणि दुसऱ्यांदा मे-जूनमध्ये, वणवा येऊन गेल्यावर. तेव्हा तिच्या लाकडासारख्या मुळातून बुटके फांदोरे येतात आणि थोड्याच दिवसांत भरभरून फुलून घेतात. मी ज्या उतारांना वर्षानुवर्षं "नुसतं गवत" म्हणत आले, तिथली ही गोष्ट. बातमी वाचून मी आधी वही काढली आणि जुन्या पिवळ्या चिंध्यांची यादी परत वाचली.

याच बातमीवरून एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "बघा, जाळलं की फुलतं! उगाच ओरडता तुम्ही." जुन्या मुळाचं झाड एक आग सोसतं, पण दर वर्षी त्याच उतारावर काडी लावली तर गुडघ्याएवढं पोर कधी कमरेएवढं होतच नाही. टिटवी अंडी उघड्या जमिनीवर घालते, तीही याच दिवसांत. एका एप्रिलमध्ये मी खड्यांच्या गोलात चार अंडी बघितली, टोकं आत वळवलेली, कवचं काजळलेली. टिटवी जवळच ओरडत फिरत होती. आणि "जाळलं की गवत जोमाने येतं" हे एक-दोन महिन्यांचं खरं आहे. उतार उघडा पडला की पहिल्या मोठ्या पावसात राखेबरोबर मातीही ओढ्यात जाते. खात्री करायची असेल तर त्या दिवशी ओढ्याचं पाणी बाटलीत भरा आणि रात्रभर ठेवा. तळाशी किती गाळ बसला ते टेपने मोजा.

हात शिवशिवत असतील तर

पावसाळ्यात उपटायचं काम भरपूर आहे. घाणेरी आणि रानमोडी ही तणं जळालेल्या जागी झपाट्याने पसरतात. माती ओली असताना रोपं मुळासकट येतात, मोठ्या झाल्यावर येत नाहीत. सप्टेंबरमध्ये नारिंगी-पिवळ्या कॉसमॉसच्या पुढे लोक सेल्फी काढत असतात आणि खाली "सोनकी फुलली" असं लिहितात. सोनकी बुटकी असते, पिवळीधमक, पानाला कडेने दाते. कॉसमॉस कमरेच्या वर जातो, पान बारीक चिरलेलं. कॉसमॉस बी धरायच्या आत उपटा. पण ओळख पक्की झाल्याशिवाय कशालाच हात लावू नका, आणि जमीन कोणाची आहे ते आधी विचारा. वनखात्याची असेल तर वनरक्षकाला सांगून, गायरान असेल तर ग्रामपंचायतीला. बहुतेक वेळा ते आनंदाने हो म्हणतात, फक्त फोटोत त्यांनाही घ्यावं लागतं.

सीड बॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, फेकायची हौस आवरा. मी बघितलेल्या गोळ्यांत गुलमोहर आणि सुबाभूळ होते. गिरिपुष्प तर पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर आधीच बख्खळ आहे, त्याच्याखाली आमचं गवत येत नाही.

हिवाळा संपल्यावर वही उघडा. तोवर कळलेलं असेल की कुसळीचा उतार हा गवताचाच उतार आहे, तिथं झाड लावणं म्हणजे चांगल्या कापडाला ठिगळ. ओढ्याकाठी, जिथं जुने खुंट आहेत आणि तुमची लाल चिंधी लालच राहिली, तिथं झाडाला जागा आहे. बी त्याच टेकडीवरचं, परवानगी घेऊन, दहा बियांतलं एकच घ्या. पळसाच्या शेंगा मे-जूनमध्ये वाळून पडतात. करवंदं खा आणि बी धुवून लगेच पेरा, ठेवून देऊ नका. गेळा, आवळा हेही चालतील. रोपं दुधाच्या पिशवीत, वर्षभर गॅलरीत. माझ्याकडे आत्ता एकवीस आहेत, ग्राहकांच्या पिशव्यांमध्ये मिसळलेली.

जानेवारीत जाळरेषेचं, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळा केलेल्या पट्ट्याचं, काम निघतं. जाळायचं काम वनखात्याच्या माणसांचं, आपण फक्त विळ्याने पायवाटेकडेचं गवत कापायचं आणि उचलून खाली न्यायचं. शेळ्यांच्या मालकिणींना ते हवंच असतं. धूर दिसला तर १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा. विझवायला एकट्याने चढू नका, आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते.

चिंधी बांधताना गाठ सैल ठेवा, बुंधा वाढतो. दुसऱ्या पावसाळ्याआधी सगळ्या मोजून काढून आणा. आणि कमरेच्या वर बांधा. माझ्या तीन हिरव्या चिंध्या मावशींच्या शेळ्यांनी खाल्ल्या. त्यातली एक कुठल्या पळसाची होती, ते शोधायला मला अख्खा रविवार लागला.