जहाज जुनं आहे म्हणून क्रूझ कॅन्सल करू नका: खान्देशातून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी काय बघायचं

मागच्या हिवाळ्यात नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन मुंबईहून क्रूझला जाऊन आलो तेव्हापासून भुसावळातले, जळगावचे, पार शिरपूरचे पाहुणे सुद्धा फोन करून एकच विचारतात, जहाज नवं होतं का जुनं. जुनं म्हटलं की समोरचा गप्प होतो. दोघा-तिघांनी तर तेवढ्यावरून बेत रद्द केला आणि मला खरंच वाईट वाटलं, म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहितो.

नाना भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले. मी बुकिंग करताना घाबरत घाबरत सांगितलं की नाना जहाज 1990 चं आहे, तर ते लगेच म्हणाले, "वय काय विचारतो भो, शेवटचं पीओएच कधी झालं ते विचार." ज्यांच्या घरात रेल्वे आहे त्यांना वेगळं सांगायला नको, पण इतरांसाठी, पीओएच म्हणजे इंजिन ठरावीक वर्षांनी वर्कशॉपला येतं, पूर्ण उघडतात, झिजलेलं बदलतात, तपासतात आणि मगच लाईनवर सोडतात. जहाजाचं पीओएच म्हणजे ड्राय डॉक. जहाज गोदीत घेऊन पाणी उपसून काढतात, तळ उघडा पडतो, मग शेवाळ-शिंपले खरवडणं, पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक मशीनने मोजणं, जहाज ढकलणारे पाण्याखालचे पंखे, ते फिरवणारा शाफ्ट, सुकाणू, नांगराच्या साखळ्या, सगळं बघतात. प्रवासी जहाजाचा तळ पाच वर्षांत किमान दोनदा असा गोदीत घेऊन तपासावा लागतो आणि सेफ्टी सर्टिफिकेट दर वर्षी नवं घ्यावं लागतं, जहाज दोन वर्षांचं असो की पस्तीस.

तर पहिलं काम, एजंटकडून जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर मागा. हा सात आकडी नंबर जहाज बांधताना मिळतो तो मोडीत निघेपर्यंत बदलत नाही, मालक बदलो, नाव बदलो, झेंडा बदलो. गाडीच्या चेसिस नंबरसारखं समजा. जहाजाच्या अंगावर सुद्धा तो लिहिलेला असतो. मोबाईलवर तो नंबर टाकला की कुठे बांधलं, कधी बांधलं, आधीची नावं काय, सगळं निघतं. माझ्या बाबतीत एका एजंटने (नाव घेत नाही) व्हॉट्सॲपवर वॉटर स्लाईडवाल्या भल्यामोठ्या जहाजाचे फोटो पाठवले होते आणि बुकिंग भलत्याच जहाजाचं, नंबर मागितला तेव्हा कबूल झाला. राग आला, पण खरं जहाज वाचून काढलं तर ते मला त्या फोटोपेक्षा जास्त आवडलं, त्याचीच गोष्ट सांगतो.

मुंबईहून 2021 पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस चालतं. हे फ्रान्समध्ये सेंट नाझेरला बांधलं, 1990 मध्ये नॉर्डिक एम्प्रेस नावाने रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीकडे लागलं, आणि मुळात बांधलंच तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठी. म्हणजे आपल्याकडे आज ते जे करतंय तेच काम त्याला पहिल्या दिवसापासून दिलेलं. 2004 मध्ये नाव बदलून एम्प्रेस ऑफ द सीज झालं, 2008 मध्ये स्पेनच्या पुलमंतूरकडे गेलं, आणि 2016 मध्ये रॉयल कॅरिबियनने ते परत आपल्या ताफ्यात घेतलं. आता विचार करा, ज्या कंपनीकडे जगातली सगळ्यात मोठी जहाजं आहेत तिने सव्वीस वर्षांचं जहाज परत का आणलं असेल? कारण ते छोटं होतं. 2017 मध्ये ते मायामीहून हवानाला जायला लागलं, तिथल्या बंदरात कंपनीची अवाढव्य जहाजं नेऊन उपयोग नव्हता. आणि परत घेतल्यावर नुसता रंग फासून नाही सोडलं, स्वयंपाकघराचं काम अंदाजापेक्षा जास्त निघालं तर सुरुवातीच्या फेऱ्या रद्द करून आधी ते काम पूर्ण केलं. मला विचाराल तर जहाज कसं सांभाळलंय याचा असा पुरावा बघायचा.

जुनं जहाज मुद्दाम ठेवण्याचं आणखी एक उदाहरण, अमेरिकेत टॅम्पा बंदराच्या तोंडावर मोठा पूल आहे, खालून साधारण 55 मीटर उंची मिळते, नवी उंचच्या उंच जहाजं त्याखालून जातच नाहीत, म्हणून कंपन्या तिथे मुद्दाम जुनी, कमी उंचीची जहाजं ठेवतात. तेच पैशाचं, आयकॉन ऑफ द सीजसारखं नवं जहाज बांधायला दोन अब्ज डॉलरच्या घरात खर्च येतो, तो तिकिटातूनच वसूल होणार ना. जुन्या जहाजाचं कर्ज बहुतेक वेळा फिटलेलं असतं म्हणून स्वस्त आणि छोट्या सहली त्याच्यावर परवडतात. डिझेल मात्र जुनं जहाज माणशी जास्त खातं, हे खरंय, ते लपवण्यात अर्थ नाही.

"पण जुनं म्हणजे धोका ना?" हा प्रश्न आमच्या काकूंचा. कोस्टा कॉन्कॉर्डिया 2012 मध्ये इटलीजवळ खडकावर आपटून आडवं झालं, 32 माणसं गेली, ते जहाज 2006 चं होतं, म्हणजे सहा वर्षांचं सुद्धा पूर्ण नाही. चूक चालवणाऱ्यांची होती. आणि खरंच कालबाह्य झालेली जहाजं नियमच बाहेर काढतो, 1 ऑक्टोबर 2010 पासून जळाऊ सामानाने बांधलेल्या जुन्या प्रवासी जहाजांवर बंदी आली तेव्हा लाकडी पॅनेलवाली कितीतरी जहाजं मोडीत गेली. उलट्या बाजूने बघा, कर्णिका नावाचं जहाज 2019 मध्ये मुंबईहून चालायचं, ते पण 1990 चंच. कोविडात कंपनी बंद पडली आणि 2020 मध्ये ते अलंगला तोडायला गेलं. एकाच सालची दोन जहाजं, एक भंगारात आणि एक पुढच्याच वर्षी मुंबईच्या धक्क्यावर.

आता खोली. जुन्या जहाजात खोल्या लहान आणि बाल्कनीवाल्या मोजक्याच, त्यामुळे बाल्कनीचा हट्ट असेल तर लवकर बुक करा, नाहीतर सोडा, डेकवर जाऊन उभं राहण्यात जास्त मजा आहे. खोली मधली घ्या, खालच्या मजल्यावरची, तिथे हलणं सगळ्यात कमी. अगदी मागची घेऊ नका, शाफ्ट आणि पंख्यांची थरथर तिथे जाणवते. डेकचा नकाशा मागा आणि डोक्यावर नाचायचा हॉल किंवा स्वयंपाकघर नाही ना ते बघा, हे कोणी सांगत नाही आणि मग रात्री दोनला वर खुर्च्या सरकतात. म्हातारी माणसं सोबत असतील तर छोटं जहाज म्हणजे वरदानच, एम्प्रेसची लांबी साधारण 211 मीटर, म्हणजे आपल्या भाषेत नऊ डब्यांची गाडी, आयकॉन 365 मीटर म्हणजे पंधरा डबे. दिवसातून तीनदा जेवायला पंधरा डबे चालत जायचं का गुडघे दुखत असताना? आणि लक्षद्वीपची फेरी घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, तिथे जहाज समुद्रातच थांबतं आणि लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात, हलत्या बोटीत पाय टाकणं आईवडिलांना जमेल का ते आधी ठरवा. नाहीतर गोव्याची फेरी बरी. जून ते सप्टेंबर अरबी समुद्राचं नाव काढू नका.

जहाजावर चढल्यावर पहिल्या तासात थोडं फिरून बघा. नानांनी काय केलं ते सांगतो. माझी बायको फोटो काढत होती आणि हे सरळ लाईफबोटींखाली जाऊन उभे, मान वर करून बोट ज्या वायररोपवर लटकते ती बघत बसले. मला बोलावलं, म्हणाले "बघ, ग्रीस ताजं आहे, काळं पडून सुकलेलं नाही, म्हणजे इथे कोणीतरी रोज फिरतो." मग रेलिंगवर अंगठा फिरवला, रंगाचे थर जाड होते, ते म्हणे चालतं, पोपडा उचलून खाली गंज भुसभुशीत लागला असता तर बोललो असतो. संध्याकाळी जहाज सुटल्यावर मागच्या डेकवर लोखंडावर तळहात ठेवून पाच मिनिटं डोळे मिटून उभे राहिले, आणि फक्त "लयीत आहे" एवढंच म्हणाले. तुम्हाला एवढं नाही कळलं तरी दारांचे रबर, जिन्यातले दिवे, लाईफजॅकेटच्या पट्ट्या एवढं कोणीही बघू शकतं. आणि सुटायच्या आधी मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम होते, ती चुकवू नका, चहा प्यायला पळू नका, आपली जमायची जागा कुठली ते पाठ करा.

बाकी किरकोळ. भुसावळ-जळगाववाल्यांनी रात्रीची गाडी धरून सीएसएमटी गाठावं, तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाज सुटतं तो धक्का, टॅक्सीने अगदी जवळ आहे, नंदुरबारवाल्यांना सुरतमार्गे. ओळखपत्र ओरिजिनल हवं, झेरॉक्सवर अडवतात. नानांनी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता, तर बाहेरचं जेवण आत नेता येतं का ते आधी विचारून घ्या, आम्ही गाडीतच कसारा यायच्या आत संपवून टाकला.