'सपोज्ड टू' म्हणजे झालं की राहिलं? एका सपोर्ट डेस्कवरचा अनुभव

नोकरीचा तिसरा आठवडा, हिंजवडीतली नाइट शिफ्ट. पहाटेचे साडेतीन, म्हणजे तिकडे शिकागोत संध्याकाळचे पाच. क्लायंटकडच्या बाईंचा चॅट आला, 'द फिक्स वॉज सपोज्ड टू गो लाइव्ह ऑन फ्रायडे.' मी वाचलं की फिक्स, म्हणजे बिघाडावरची दुरुस्ती, शुक्रवारी लाइव्ह गेला. 'थँक यू फॉर द कन्फर्मेशन' असं उत्तर टाकलं, हँडओव्हर शीटमध्ये तशी नोंद केली, टिकेट, म्हणजे त्या तक्रारीची नोंद, बंद केलं आणि कॅबमध्ये बसताक्षणी झोपले.

दुपारी टीम लीडचा फोन. "अगं, टिकेट बंद का केलंस? शुक्रवारी जायचं होतं ते गेलं नाही, म्हणून त्या ओरडतायत. आणि आपण त्यांचे आभार मानतोय!"

माझी चूक आळसाची नव्हती, हे आता कळतं. बार्शीत मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्या डोक्यात 'सपोज' म्हणजे 'समजा' एवढंच होतं. समजा, मुलाचे वय एक्स वर्षे. सपोज तू उद्या आली नाहीस तर. या हिशेबानं 'वॉज सपोज्ड' म्हणजे 'समजलं गेलं'. शुक्रवारी गेला असं समजलं गेलं, म्हणजे गेलाच असणार. दहावीला 'चेंज द व्हॉइस'मध्ये मला पैकीच्या पैकी मार्क होते आणि नेमके तेच आडवे आले. कारण हा प्रयोग दिसायला पॅसिव्ह आहे, पण व्हॉइस बदलायच्या नियमानं तो उलटा करता येत नाही. निदान प्रत्येक वेळी नाही.

उलटून बघा. 'ही इज सपोज्ड टू बी रिच.' याचं 'पीपल सपोज ही इज रिच' असं होतं, लोक त्याला श्रीमंत समजतात. छान जुळलं. आता 'यू आर सपोज्ड टू वेअर युवर आयडी कार्ड' घ्या. लोक काही समजत वगैरे नाहीत. गळ्यात आयडी घालायचं असतं, बस्स. नियम कुणी केला, एचआरनं की सिक्युरिटीनं, ते वाक्यात नाही आणि मागे 'बाय' लावून ते आणताही येत नाही. मला हा प्रयोग कळला तो याच जागी. हुकूम असतो, हुकूम देणारा गायब असतो.

आणि हे आपल्याला नवीन नाही. 'देवळात चपला घालून जायचं नसतं' म्हणताना आपण तरी कुणाचं नाव घेतो?

म्हणून नव्यानं शिकणाऱ्यांना मी शब्दकोशातला अर्थ पाठ करायला सांगत नाही. आपल्या तीन शेपट्या पकडायला सांगते: '-यचं असतं', '-णार होतं' आणि 'म्हणे'. 'सपोज्ड टू'चं जवळजवळ सगळं काम या तिघींत भागतं.

पहिली सोपी आहे. 'वी आर सपोज्ड टू लॉग द कॉल फर्स्ट', आधी कॉल लॉग करायचा असतो. हिच्यात 'मस्ट'चा धाक नाही. नियम आहे, आणि लोक तो नेहमी पाळतातच असं नाही, हेही त्यात अर्धवट कबूल असतं. पण नकारात सांभाळा. 'यू आर नॉट सपोज्ड टू पार्क हिअर' म्हणजे इथे गाडी लावायची गरज नाही असं नव्हे. इथे गाडी लावायची नसते, लावू नका. 'असते'चं 'नसते' केलं की मराठीतही मनाईच होते, त्यामुळे मराठीचा हात धरलात तर इथे चुकणार नाही. आमच्यातल्या एकानं मॅनेजरला 'आय अ‍ॅम नॉट सपोज्ड टू कम ऑन सॅटरडे' असं लिहिलं. त्याला म्हणायचं होतं की मला शनिवारी यायची गरज नाही. वाचणाऱ्याला वाटलं, याला शनिवारी यायला कुणी बंदी केली? तिथे 'आय डोन्ट हॅव टू कम' हवं होतं.

दुसरी शेपटी म्हणजे माझा घात करणारी. 'वॉज सपोज्ड टू' आणि 'वर सपोज्ड टू' यांचं मराठी '-णार होतं' किंवा '-यचं होतं'. 'मी काल येणार होते' असं कुणी म्हटलं की पुढचा 'पण' आपण न सांगता ऐकतो. आली नाही, हे ठरलेलंच. इंग्रजीतही तोच 'पण' लपलेला असतो. सपोर्टच्या कामात हा भूतकाळ दिसला की टिकेट बंद करायचं नाही, उघडं ठेवायचं. काहीतरी राहिलंय.

यातच दुसरा खड्डा आहे, आणि त्यातही मी पडले. फाइल आली नाही म्हणून क्लायंटला लिहिलं, 'यू वर सपोज्ड टू सेंड द फाइल यस्टरडे.' व्याकरणाला नावं ठेवायला जागा नाही. पण मराठी करून वाचा: 'तुम्ही काल फाइल पाठवायची होती.' आपल्या सासूबाईंनाही आपण असं बोलत नाही. उत्तर एका ओळीचं आलं आणि त्याची सीसी माझ्या मॅनेजरच्या वरपर्यंत गेली. आता मी 'वी वर एक्स्पेक्टिंग द फाइल यस्टरडे' असं लिहिते. अपेक्षा आमच्याकडे घेतली की समोरच्याला बोट लागत नाही. उलट चूक आपली असेल तर हा प्रयोग बिनधास्त वापरा. 'आय वॉज सपोज्ड टू सेंड धिस बाय नून, सॉरी' हे अगदी सरळ, माणसासारखं वाक्य आहे.

तिसरी शेपटी माझी लाडकी. क्लायंटकडचे एक गृहस्थ पुण्यात आले होते. आम्ही दोघी-तिघी त्यांना शनिवारवाडा दाखवायला घेऊन गेलो. दिल्ली दरवाज्यात ते मला म्हणाले, 'धिस प्लेस इज सपोज्ड टू बी हाँटेड, राइट?' मला तोवर फक्त नियमवाला अर्थ ठाऊक होता. मी ठामपणे सांगितलं, 'नो नो, नॉट कम्पल्सरी.' मैत्रीण पाठमोरी होऊन हसत होती. ते विचारत होते, 'इथे भूत आहे म्हणे, खरं का?'

पण त्याच जागेवर फरकही लख्ख कळतो. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा याच वाड्यात खून झाला. हा इतिहास आहे, म्हणून 'नारायणराव वॉज मर्डर्ड हिअर', साधा पॅसिव्ह. अमावास्येला 'काका, मला वाचवा' ऐकू येतं, ती मात्र ऐकीव गोष्ट. तिथे 'हिज व्हॉइस इज सपोज्ड टू बी हर्ड' असं म्हणायचं. म्हणजे मी सांगतेय खरं, पण हमी देत नाही. कॉलवर हे फार उपयोगी पडतं. 'द न्यू व्हर्जन इज सपोज्ड टू बी फास्टर' म्हटलं की वेग आहे म्हणे, मी अजून मोजलेला नाही. मोजला असेल तर सरळ 'इज फास्टर' म्हणा.

बाकी रचनेचं फार काही नाही. आधी अ‍ॅम, इज, आर, वॉज, वर यांतलं एक आणि 'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप. 'डू आय सपोज्ड टू' असं मी नव्या मुलांकडून आठवड्याला एकदा तरी ऐकते. प्रश्न 'अ‍ॅम आय सपोज्ड टू' असाच सुरू होतो. आणि स्वर सांभाळा. 'व्हॉट अ‍ॅम आय सपोज्ड टू डू?' हे चुकीचं नाही, पण चढ्या आवाजात त्याचा अर्थ 'मग मी काय करू आता?' असा वैतागाचा होतो. पहिल्या महिन्यात 'व्हॉट शुड आय डू नेक्स्ट?' बरं. 'व्हॉट इज दॅट सपोज्ड टू मीन?' कानावर आलं तर अर्थ समजावत बसू नका. समोरचा चिडलाय, 'म्हणजे काय म्हणायचंय तुला?' असं विचारतोय.

शेवटची गोष्ट स्पेलिंगची. बोलताना 'सपोज्ड'मधला 'ड' पुढच्या 'ट'मध्ये विरघळतो आणि कानाला 'सपोस्टू' किंवा 'सपोस्टा' ऐकू येतं. त्यामुळे लिहिताना शेवटचा 'डी' हमखास गळतो. स्पेलचेकर तो बहुतेकदा पकडत नाही, कारण 'सपोज' हाही स्वतंत्र, बरोबर शब्द आहे. म्हणून मोठा मेल पाठवायच्या आधी मी अजूनही कंट्रोल एफ दाबून 'सपोज' शोधते. परवाच्या मेलमध्ये दोन ठिकाणी 'डी' नव्हता.